आतून लावलेली कडी

"उद्या साहेबापुढं थेट अमेरिकाच उभी करतो का नाई, पाहा तुमी!" सुधाकरराव हेडमास्तरांनी ठणकावून सांगितलं. भिवाजी सरांनी उत्तरादाखल जांभई दिली.

त्यात सरांचा काही दोष नव्हता. आदिलाबाद जिल्ह्यात, बेल्याजवळच्या त्या मराठी शाळेत मास्तर दोघंच, आणि दोघंही दमलेले. पाच वर्ग, एक खोली, वर गळकं छप्पर! त्यात दरवर्षीची ती धमकी : पोरं कमी झाली, मराठी शाळा बंद करून तेलुगू शाळेत मिसळून टाकू. यंदा तर आदिलाबादहून साहेब जातीनं बघायला येणार होते. पोरं दिसली तर शाळा राहील, नाहीतर संक्रांतीनंतर दाराला कुलूप.

अमेरिका म्हणजे सुधाकररावांची नात, चारू. वय वर्षं नऊ. मुलगी कुमुदिनी नाताळच्या सुटीत तिला घेऊन माहेरी आली होती. पोर तिकडच्या शाळेत शिकत असूनही खडाखडा मराठी वाचायची. ती साहेबांपुढे धडा वाचणार आणि मग सुधाकरराव म्हणणार, "साहेब, अमेरिकेतली पोरगी मराठी वाचते, अन् इथली मराठी शाळा तुम्ही बंद करता?" साहेब गारच! बेत कसा बिनतोड होता.

तसंही अमेरिकेवाचून सुधाकररावांचं पान हलत नसे. पोरगं उशिरा आलं, "अमेरिकेत असं चालते का बे?" बाक मोडला, "अमेरिकेत बाक मोडत नसते!" कुणाचं नाक वाहिलं तरी तेच. अमेरिका त्यांनी पाहिलेली नव्हती, त्यामुळे तिच्यात काहीच कमी नव्हतं.

तपासणीच्या दिवशी दोघंही मास्तर झेंडूचा हार घेऊन फाट्यावर निघाले. साहेबांच्या जीपवाल्याला गावचा रस्ता माहीत नव्हता आणि हार एकट्यानं घालणं बरं दिसत नव्हतं. निघताना सुधाकररावांनी वर्गाला दम भरला, "चारूताई सांगन तसंच कराचं! माह्याहून तिचं जास्त आयका. नाईतर एकेकाचं तंगडं मोडीन!"

साहेब आले, हार पडला. साहेब तेलुगू, मराठी त्यांना कळे, पण मराठी लोकांशी ते हिंदीत बोलत. अमेरिकेतल्या नातीचं ऐकून ते खूशच झाले. "मेरा पोता भी अगले साल वहीं के स्कूल में जाएगा!" ते म्हणाले. सुधाकररावांना वाटलं, शाळा वाचली! तेवढ्यात शाळेच्या बाजूनं धडाम् असा आवाज आला. साहेब दचकले.

"काही नाही साहेब, धोंडीबा आहे. हरभऱ्यात माकडं शिरली की सुतळी बॉम्ब लावतो. आमची पोरं मानसुद्धा वळवत नाहीत!"

पण शाळेपाशी येऊन पाहतात तो काय! दार बंद, खिडक्या बंद. पाढ्यांचा गजर नाही, भांडण नाही, रडणं नाही. मसणवट्यात तरी कावळे ओरडतात!

"बच्चे किधर हैं, हेडमास्टर साब?"

"आत्ता होती..." सुधाकररावांना घाम फुटला, तोही डिसेंबरातल्या थंडीत! मग त्यांचं लक्ष पायरीकडे गेलं. दारापुढे चपलांची रांग होती. "ह्या पाहा! चपला आहेत, साहेब!"

"चप्पल तो मैं भी ला के रख दूँ," साहेब थंडपणे म्हणाले. "चप्पल की हाजिरी नहीं लगती."

सुधाकररावांनी दारावर थापा मारल्या. "अबे, उघडा! मी हावो!" आतून हूं नाही की चूं नाही. "चारू! बेटा, मी आजोबा!" तरी शांतता! भिवाजी सरांनी फटीला डोळा लावला आणि आयुष्यात प्रथमच त्यांची झोप उडाली.

"आतमंदी हायेत, सर! समदे कोपऱ्यात दबून बसले. अंधारात नुसते डोळे दिसून राह्यले!"

स्वयंपाकाच्या प्रयागबाई पदर खोचून पुढे झाल्या. "सरका, मास्तर! आज अंड्याचा दिवस हाय. अंडं म्हनलं का मेलेलं पोरगं उठते!" त्यांनी दाराला तोंड लावून आरोळी ठोकली, "आंडेऽऽ! उकडलेले आंडेऽऽ!"

आत कुणीतरी मोठ्यानं आवंढा गिळला. पण दार काही उघडलं नाही. प्रयागबाई मटकन खाली बसल्या. एवढा अपमान त्यांच्या अंड्यांचा कधीच झाला नव्हता!

आरडाओरडा ऐकून शेजारच्या वावरातून धोंडीबा धावत आला. "काऊन बोंबलून राह्यले, मास्तर? आत वाघ घुसला का?" सुधाकररावांना धाप लागली होती, बोलवेना. धोंडीबानं त्याचा अर्थ 'हो' असा घेतला. वाघ पळवायचा म्हणून त्यानं उरलेले दोन बॉम्ब खिडकीखालीच लावून दिले! धडाम्! धडाम्!

आतली शांतता आणखी घट्ट झाली. बाहेर मात्र अख्खा गाव गोळा झाला. कुणाच्या हातात काठी, कुणाच्या हातात उलटा धरलेला विळा, एक म्हातारी तर तवाच घेऊन आली! साहेब जीपमध्ये जाऊन बसले आणि त्यांनी काच वर केली. सुधाकररावांनी मनातल्या मनात शाळेच्या दाराला कुलूप घालून टाकलं. सगळी नोकरी ह्या एका खोलीत गेली, आणि शेवट असा! त्यांना पायरीवर, त्या चपलांच्या शेजारी, बसून रडावंसं वाटलं.

तेव्हा खिडकीची फट किंचित रुंदावली. ही तिसरीतली ताराबाई. नाव मोठं, पोर एवढीशी, आणि तोंडाला कधीही कडी नसलेली.

"सर," ती कुजबुजली, "चारूताई म्हनते, पोलीस आल्याबिगर उघडाचं नाई. मास्तरचा आवाज आला तरीबी नाई."

"मले सोडून पोलीस?"

"तुमीच तं सांगतलं, तुमच्याहून तिचं जास्त आयका!" फट बंद.

सुदैवानं वाघाच्या बातमीवर कॉन्स्टेबल व्यंकटराव मोटारसायकल दामटत येऊन पोहोचले होते. कानटोपी, मफलर, वर बायकोनं विणलेला जांभळा स्वेटर. ते फटीसमोर उभे राहिले. आतून चारूचा बारीक आवाज आला, "युनिफॉर्म दिसत नाही."

कुडकुडत व्यंकटरावांनी स्वेटर उतरवला. मफलर उतरवला. कानटोपी काढून पोलिसाची खरी टोपी घातली. मगच कडी खाली पडली.

आणि पोरं बाहेर आली. एकामागून एक, ओळीनं, तोंडातून शब्द न काढता. सगळ्यांचे हात वर! पहिलीतलं शेंबडं पोरगंसुद्धा हात वर करून चालत होतं. गाव पोट धरधरून हसला. धोंडीबा तर वावरात लोळला. साहेब जीपमधून उतरले आणि डोकी मोजत राहिले. मोजून झाल्यावर ते भारावून म्हणाले, "इतने बच्चे! इतनी शांती! हेडमास्टर साब, ये स्कूल कैसे बंद होगा? ये कौन सी पद्धत है?"

शाळा वाचली! सुधाकररावांची छाती फुगली. "अमेरिकन पद्धत, साहेब!" ते गरजले. "चारू बेटा, साहेबांना नीट समजावून सांग."

चारू अजून पांढरीफटक होती. "आमच्या शाळेत याची प्रॅक्टिस असते. धडाम् आवाज आला की दार लावायचं, दिवा बंद करायचा, कोपऱ्यात बसायचं. रडायचं नाही. पोलीस आले की हात वर करून बाहेर यायचं. म्हणजे त्यांना कळतं की आपल्या हातात बंदूक नाही."

"पण शाळेत बंदूक कोण आणणार, बेटा?" सुधाकररावांनी विचारलं.

"कुणीपण. कधी कधी शाळेतलाच मुलगा असतो." मग तिनं आजोबांचा सदरा धरला. "इथे कोण आलं होतं?"

"माकडं," सुधाकरराव म्हणाले.

"नुसती माकडं?"

"नुसतीच."

चारूनं तेव्हा कुठे हात खाली घेतले आणि ती हमसून हमसून रडायला लागली. प्रयागबाईंनी तिला पोटाशी धरलं आणि एक अंडं सोलून हातात दिलं. गावाचं हसू कधी थांबलं ते कुणालाच कळलं नाही. साहेबांनी शाळा चालू ठेवण्याचा शेरा लिहिला, सही केली आणि तडक वावराच्या कडेला जाऊन मुलाला फोन लावला. तिकडे रात्र असेल, हेही त्यांच्या ध्यानात राहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी शाळा नेहमीसारखी भरली. नेहमीसारखाच कोलाहल, नेहमीसारखाच एक बाक मोडलेला, आणि ताराबाई नेहमीसारखी उशिरा. सुधाकररावांनी सवयीनं बोट उगारलं.

"काऊन वं, हे काय यायची वेळ हाय? अमेरिकेत—"

बोट तसंच वर राहिलं. सगळा वर्ग वाट पाहत होता. शेवटी ताराबाईलाच मास्तरांची दया आली.

"अमेरिकेत कडी मजबूत असते, सर," ती म्हणाली आणि आपल्या जागेवर जाऊन बसली.