सामाईक पासवर्ड

शाळेच्या वेबसाइटनं ‘पासवर्ड चुकीचा आहे’ असं लाल अक्षरांत पुन्हा एकदा सांगितलं, तेव्हा तिनं खुर्ची मागे सरकवली, चष्मा काढून पुसला आणि स्वतःला बजावलं, की चिडायचं नाही. बिघाड आहे म्हणजे त्याला कारण आहे. ती डेअरीच्या प्रयोगशाळेत दुधातले जंतू मोजायचं काम करत असे. तिथे नमुना बिघडला म्हणून कोणी नशिबाला बोल लावत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं होतं तसं ठेवायचं, की कारण आपण होऊन पुढे येतं. या पद्धतीवर तिचा भलताच विश्वास होता. लग्नानंतर नवऱ्याच्या घोरण्याचं कारणही तिनं उशा एकेक करून बदलून शोधलं होतं. सगळ्या उशा निर्दोष सुटल्या होत्या.

पासवर्ड लक्षात ठेवायचं काम खरं तर तिचं नव्हतंच. ते ब्राउझरमधल्या एका एक्स्टेंशनचं होतं. घरातले सगळे पासवर्ड त्याच्या तिजोरीत होते. साइट उघडली, की ते स्वतःच रकाने भरून मोकळं व्हायचं. ही तिजोरी नवराबायकोची सामाईक होती. ती उघडली त्या दिवशी दोघं, आता आपल्यात काही लपवाछपवी नको, असं काहीसं भावुकही बोलले होते. आज सकाळी शाळेचा पासवर्ड त्याच तिजोरीतून निघून बिनबोभाट चालला होता. जेवून परत बसते तो चालेना.

आणि आज तो चालायलाच हवा होता. मुलीच्या बालवर्गाचा प्रवेशअर्ज संध्याकाळी पाच वाजता बंद होणार होता. ही शाळा घरापासून चालत जाण्याइतकी जवळ होती आणि मुलांना संध्याकाळपर्यंत सांभाळत होती. दुसरी शाळा गावाच्या पार दुसऱ्या टोकाला, आणि ती बाराला सुटायची. म्हणजे दोघांपैकी कोणाला तरी नोकरीवर पाणी सोडावं लागणार होतं. कोणाला, हे दोघांपैकी कोणीच बोललं नव्हतं, कारण गेले काही दिवस ते एकमेकांशी काहीच बोलत नव्हते.

अबोल्याचं कारण हाच अर्ज. पहिल्या फेरीची तारीख उलटून गेली तेव्हा कळलं, की अर्ज त्यानं भरलाय असं ती समजत होती आणि तिनं भरलाय असं तो. त्यावर रविवारी रीतसर भांडण झालं. “तुझ्या भरवशावर राहिलं की असंच होतं,” हे वाक्य आधी कोण बोललं याबद्दल मतभेद आहेत, पण दोघंही बोलले हे नक्की. तेव्हापासून घरातली सगळी टपालं मुलीमार्फत चालत. “बाबांना सांग, गॅस संपलाय,” “आईला सांग, मला माहीत आहे,” असं. आज मुलीला तिची मावशी घेऊन गेली होती, त्यामुळे टपालही बंद होतं. नवरा बाहेरच्या खोलीत त्याचं नकाशे काढायचं काम करत बसला होता, आणि ती रजा टाकून आतल्या खोलीत. दुसऱ्या फेरीचा अर्ज आपणच गुपचूप भरायचा आणि संध्याकाळी पोचपावती छापून त्याच्या चहाच्या कपाखाली ठेवायची, असं तिनं ठरवलं होतं. एक शब्दही न बोलता. त्या दृश्याची ती सकाळपासून चव घेत होती.

तर, पहिला प्रयोग. तिनं एक्स्टेंशन बंद करून पुन्हा सुरू केलं. रकाने भरले गेले, पासवर्ड चालला, साइट उघडली. म्हणजे दोष एक्स्टेंशनचा, निष्कर्ष स्वच्छ. खबरदारी म्हणून तिनं पासवर्ड बदलून घेतला, तिजोरीत ठेवला आणि अर्ज भरायला घेतला. पालकांचा व्यवसाय लिहून होतो न होतो तोच साइटनं तिला बाहेर काढलं. परत आत जायला गेली, तर पासवर्ड चुकीचा.

आता तिनं जाहिराती अडवणारं दुसरं एक एक्स्टेंशन बंद केलं. बाकी सगळं तसंच ठेवलं. फरक नाही. मग ब्राउझरची साठवण साफ केली. फरक नाही. मग पासवर्डचं एक्स्टेंशन काढून टाकून नव्यानं बसवलं, आणि लगेच चाललं. तिनं पुन्हा पासवर्ड बदलला, पुन्हा अर्ज उघडला. या वेळी मुलीच्या लसींपर्यंत पोचली आणि पुन्हा बाहेर. अशा तऱ्हेनं तासाभरात तिनं शास्त्रशुद्ध पद्धतीनं सिद्ध केलं, की एक्स्टेंशन काढून बसवलं की बरं होतं आणि थोड्या वेळानं पुन्हा आजारी पडतं. का, ते मात्र कळेना.

घरच्या सामाईक इमेलवर ‘तुमचा पासवर्ड बदलला आहे’ असे निरोप एकामागून एक येऊन पडत होते. ते सगळे आपलेच, असं तिनं धरलं. दिवसभर जंतू मोजणाऱ्या बाईनं हे निरोप तेवढे मोजले नाहीत, याला काय म्हणावं? बाहेरच्या खोलीतून मधूनमधून टेबलावर हात आपटल्याचा आवाज येत होता. नकाशात नदी चुकली असेल, असं मनात म्हणून तिनं दार लोटून घेतलं.

चार वाजून गेले तशी तिनं पद्धत बाजूला ठेवली आणि एक्स्टेंशनच्या मदतकक्षाला चॅटवर गाठलं. तिकडचा मुलगा अतिशय नम्र होता. तिनं काय काय करून पाहिलं ते त्यानं ऐकून घेतलं, छान म्हटलं, आणि तेच सगळं पुन्हा करून बघायला सांगितलं. ते झाल्यावर त्यानं विचारलं, की मॅडम, ही तिजोरी आणखी कोणी वापरतं का?

तिनं लिहिलं, “माझा नवरा. पण तो यात पडत नाही.”

“त्यांना एकदा विचारून घेता का?”

“सध्या ते शक्य नाही.”

“ओके मॅडम. ते बाहेरगावी आहेत का?”

“नाही. बाहेरच्या खोलीत आहे.”

मग त्या मुलानं, अविवाहित असावा बहुतेक, विषय बदलला. पासवर्डच्या रकान्याशेजारी डोळ्याचं चित्र आहे, त्यावर दाबलं की तिजोरीत नेमका कोणता पासवर्ड आहे तो दिसेल, आणि तो आपणच ठेवलाय का ते पाहा, असं त्यानं सुचवलं.

तिनं डोळा दाबला. तो पासवर्ड तिचा नव्हता. तिचे पासवर्ड एक्स्टेंशननं बनवलेले असत, अक्षर-आकडे-टिंबांची सरमिसळ. हा वेगळाच होता. म्हणजे एक्स्टेंशन बिचारं धडधाकट होतं. तिजोरीत दुसरंच कोणीतरी शिरलं होतं. तिनं मदतकक्षाचे आभार मानले, खिडकी बंद केली आणि चोराशी सामना करायला बाह्या सरसावल्या. नवा पासवर्ड ठेवला. चोरानं तो बदलला. तिनं आणखी लांब ठेवला. चोरानं तोही बदलला. चोर मोठा चिकाटीचा होता, आणि त्याला जगातल्या सगळ्या बँका सोडून बालवर्गाच्या प्रवेशात रस होता. याचं तिला नवल वाटायला हवं होतं, पण घड्याळाकडे बघता बघता ते राहून गेलं.

साडेचार वाजले. तिनं एक्स्टेंशनला नव्यानं तिजोरी वाचायला लावली आणि डोळा दाबला. चोराचा ताजा पासवर्ड इंग्रजी अक्षरांत होता, पण होता मराठीत, शब्दाशब्दांमध्ये रेघा देऊन लिहिलेला. त्यात म्हटलं होतं: चोरा-आम्ही-तुझं-काय-घोडं-मारलंय.

ती त्या ओळीकडे बघतच राहिली. या घरात एकच माणूस असा होता, की जो एरवी ‘मी’ आणि राग आला की ‘आम्ही’ व्हायचा. रविवारीसुद्धा त्याचं ‘आम्ही काय इथे पाहुणे आहोत का’ असं झालं होतं. बाहेर पुन्हा टेबलावर हात आपटला. या वेळी तो नदीसाठी नव्हता, हे तिला कळलं. दुपारपासूनचा सगळा प्रकार तिच्या डोळ्यांपुढे मांडून ठेवल्यासारखा उभा राहिला. जेवणानंतर पहिल्यांदा पासवर्ड त्यानंच बदलला असणार. तिजोरीतला बदल दुसऱ्या कंप्युटरवर पोचायला वेळ लागत होता. तोवर इकडे जुना पासवर्ड भरला जायचा. एक्स्टेंशन काढून बसवलं, की ते तिजोरी नव्यानं वाचायचं आणि त्याचा नवा पासवर्ड तिला मिळायचा. मग ती तो बदलायची आणि तिकडे त्याचं अडायचं. तिच्या इतक्या काटेकोर प्रयोगात एकच गोष्ट तिनं स्थिर धरली होती, आणि ती गोष्ट म्हणजे नवरा.

उठून दार उघडायचं आणि सांगायचं, एवढंच बाकी होतं. पण म्हणजे आधी तिनं बोलायचं, आणि ते काही शक्य नव्हतं. ती पुन्हा बसली आणि तिनं पासवर्ड बदलला: चोर-नाही-आतल्या-खोलीत-मी-आहे.

थोड्या वेळानं बाहेरचा कीबोर्ड थांबला. मग पुन्हा हळूहळू सुरू झाला.

फॉर्म-मी-भरतोय, असं तिजोरीत उमटलं.

तिनं लिहिलं: काही-गरज-नाही-मी-भरते.

मागच्या-वेळी-पण-हेच-म्हणाली-होतीस.

मी-नव्हते-म्हणाले-तू-म्हणालास.

हा संसार असाच पासवर्डांतून रात्रीपर्यंत चालला असता, पण शाळेच्या साइटलाच त्याचा कंटाळा आला. आजच्या दिवसात पासवर्ड आणखी बदलता येणार नाही, असं साइटनं जाहीर केलं. शेवटचं भांडण तेवढं कायम राहिलं. आता पासवर्ड दोघांकडे एकच होता, आणि तो बदलून कोणी कोणाला बाहेर काढू शकत नव्हतं. पाचाला थोडाच वेळ उरला होता. दोन्ही खोल्यांतून एकाच वेळी टकटक सुरू झाली.

लसी, पत्ता, फोटो, सगळं तिनं झपाट्यानं पुन्हा भरलं. मुलीच्या माहितीचं पान उघडताच एक्स्टेंशन मदतीला धावलं आणि त्यानं तिजोरीतच ठेवलेल्या डॉक्टरांच्या नोंदीतून जन्मतारीख उचलून बरोबर टाकली. नावाच्या रकान्यातही त्यानं काहीतरी टाकलं. तिनं तिकडे पाहिलंसुद्धा नाही, ‘पाठवा’वर बोट दाबलं, पोचपावती आलेली पाहिली आणि धावत दाराशी गेली. दार बाहेरून उघडलं गेलं. समोर तो उभा होता, केस उभे, डोळे लाल, चेहऱ्यावर विजय.

“भरला,” दोघं एकदम म्हणाले.

एकदम म्हणाल्यामुळे आधी कोण बोललं हा प्रश्न मिटला, आणि दोघांनाही बरं वाटलं. मग त्यांना काय झालं ते कळलं.

“तूही भरलास?”

“मग? तुझ्या भरवशावर—” तो म्हणाला आणि थांबला. “दोन गेले तर काय बिघडतं? एक आपोआप रद्द करतील.”

तिनं दोन्ही पावत्या पाहिल्या. त्याच्या अर्जात मुलीचं जन्मदाखल्यावरचं भारदस्त नाव होतं. तिच्या अर्जात एक्स्टेंशननं ‘ठमी’ लिहिलं होतं. डॉक्टरांच्या नोंदीत तिनं घाईगडबडीत घरातलं नाव लिहून ठेवलं होतं, तेच. दिवसभर ज्याच्यावर आळ घेतला, दोनदा काढून टाकलं, त्या एक्स्टेंशननं खरोखर चुकीचं काम केलं ते हे एवढंच.

फोन वाजला तेव्हा ते अजून दारातच होते. नंबर शाळेचा होता. त्यानं घाबरून फोन स्पीकरवर टाकला. ऑफिसातल्या बाईंचा आवाज चांगलाच प्रसन्न होता. त्यांनी आधी अभिनंदन केलं. जागा फारच थोड्या होत्या, म्हणाल्या, आणि एकेकट्या मुलांची चिठ्ठी काढावी लागणार आहे, त्यात कोणाचं काय होईल सांगता येत नाही. पण सख्खी भावंडं एकत्र आली तर शाळा त्यांना आधी घेते. तुमच्या खात्यावर एकाच जन्मतारखेच्या दोन मुली पाहिल्या आणि फार आनंद झाला.

त्यानं तिच्याकडे पाहिलं. तिनं त्याच्याकडे पाहिलं. दोघांनाही एकाच वेळी गावाच्या दुसऱ्या टोकाची ती बाराला सुटणारी शाळा दिसली. “अहो, त्याचं असं झालं,” असं काहीतरी त्यानं सुरू केलं, पण ऑफिसातल्या बाई घाईत होत्या.

“एवढंच विचारायला फोन केला,” त्या म्हणाल्या. “जुळ्या मुली एकाच वर्गात ठेवायच्या, की वेगवेगळ्या?”

“एकाच,” तो म्हणाला.

“वेगवेगळ्या,” ती म्हणाली.

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज झाला. “हरकत नाही,” बाई समजूतदारपणे म्हणाल्या, “तुम्ही दोघं आपसात बोलून घ्या आणि मग कळवा.”