बदामी रंगाची फाइल

शेड कार्ड आणायचं नाही, असं मधुसूदनरावांनी ठरवलं आणि तिथून सगळं बिघडलं.

प्रश्न साधा होता. झाशीतल्या सीपरी बाजारातल्या त्यांच्या घराच्या दर्शनी भिंतीला कोणता रंग द्यायचा? रविवारी ग्वाल्हेरहून शरदचंद्र आणि वसुंधराबाई यायचे होते. त्यांचा स्वानंद आणि मधुसूदनरावांची देविका यांनी लग्नाचं आपापसात ठरवूनही टाकलं होतं. आता आईवडिलांनी एकमेकांना पसंत करायचं, एवढंच उरलं होतं.

"अहो, दुकानातून शेड कार्ड आणा. बसून निवडू," कमलताई म्हणाल्या.

"कार्डावर बोट ठेवून रंग कोणीही निवडेल. त्याला अक्कल लागत नाही."

मधुसूदनराव रेल्वेच्या एका कार्यालयात अधीक्षक. पंधरा वर्षांपूर्वी त्यांनी फोटो एडिटिंगचा तीन आठवड्यांचा कोर्स केला होता आणि तेव्हापासून आपल्याखेरीज झाशीत कोणाला रंगातलं कळतं, हे मानायला ते तयार नव्हते. (निरोपसमारंभाच्या त्यांच्या फोटोंत माणसं जरा बुरशी आल्यासारखी दिसत. पण ती निवृत्तच होत असल्यामुळे कोणी बोलत नसे.)

त्यांनी घराचा फोटो काढला, जुन्या कॉम्प्युटरवरच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये उघडला आणि दोन तास खपून भिंतीला फिकट बदामी रंग दिला. खरोखर देखणा दिसत होता. मग ऐट दाखवायला तीच फाइल देविकाच्या लॅपटॉपवर उघडली. तिथे त्याच सॉफ्टवेअरचं नवं व्हर्जन होतं, आणि त्यात भिंत चक्क पोपटी होती.

"तुझा लॅपटॉप खराब आहे," मधुसूदनरावांनी निकाल दिला.

पुढचे दोन दिवस तपास चालला. त्यांनी खिडकीचे पडदे ओढले, स्क्रीन रुमालाने पुसली, ब्राइटनेस खालीवर केला, मॉनिटरची वायर काढून फुंकर मारून परत बसवली. शेवटी दोन्हीकडे भिंतीवर क्लिक करून रंगाचे आकडे कागदावर उतरवले. आकडे तंतोतंत तेच होते. मात्र भिंत इथे बदामी, तिथे पोपटी.

"बाबा, फाइलसोबत कलर प्रोफाइल असते," देविकाने समजावलं. "हे आकडे कसे दिखाने हैं, ते त्यात लिहिलेलं असतं. नवं व्हर्जन ते वाचतं. तुमच्या जुन्यात ती सेटिंग बंद आहे, म्हणून ते आपल्या मनाने काहीही दाखवतं. दो मिनट का काम है, मी चालू करून देते."

"पंधरा वर्षांत त्याने मला कधी फसवलेलं नाही. आणि ज्या पोरीला आमसुली आणि किरमिजी यातला फरक सांगता येत नाही, तिने मला सेटिंग शिकवू नये."

मग त्यांनी नव्या व्हर्जनमध्ये भिंत हाताने बदामी केली. ती जुन्यात गुलाबी दिसली. जुन्यात सुधारली, तर नव्यात आणखी हिरवी झाली. असं सात वेळा झाल्यावर त्यांनी जुन्या कॉम्प्युटरवर जी सुरेख बदामी दिसत होती, तीच फाइल रंग बनवून घ्यायला दुकानदाराला पाठवून दिली.

शनिवारी सकाळी ते ऑफिसात पोचतात तोच रंगारी रामसेवकचा फोन आला.

"बाबूजी, डिब्बा खोला है। एक बार आकर रंग देख लेते।"

"भैया, फाइल देखी थी ना? जो फाइल में है, वही लगाओ। अपना दिमाग मत लगाओ।"

दुकानातल्या कॉम्प्युटरवर कोणतं व्हर्जन आहे, हे विचारायचं त्यांना सुचलं नाही. ते नवं होतं.

संध्याकाळी मधुसूदनराव गल्लीत शिरले आणि स्वतःच्या दारावरून पुढे निघून गेले. परत वळून त्यांनी नावाची पाटी वाचली. घर सोलाण्यासारखं हिरवंगार झालं होतं. आत कमलताईंनी नुसता चहा पुढे ठेवला. हे जास्त वाईट होतं.

रविवारी पाहुणे आले. शरदचंद्र फाटकातच थांबले आणि मान वर करून भिंतीकडे बघत राहिले. वसुंधराबाईंनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला.

"हा रंग कोणी निवडला?" शरदचंद्रांनी विचारलं.

सोयरीक मधुसूदनरावांना भिंतीवरून निसटताना दिसली. क्षणभर त्यांनी कमलताईंकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "देविकाने," ते म्हणाले. "आजकालची मुलं, काय सांगणार. आमचं ऐकतात कुठे?"

देविका पाहुण्यांच्या पाया पडायला पुढे झाली.

"सुरेख," शरदचंद्र म्हणाले. "झाशीच्या या उन्हात डोळ्यांना केवढा गारवा आहे बघा. नाहीतर सगळ्या गल्लीत ते मेलं बदामी."

"बदामी म्हणजे ज्यांना काही सुचत नाही त्यांचा रंग," वसुंधराबाईंनी दुजोरा दिला. देविकाला जवळ घेत त्या म्हणाल्या, "आमचंही घर यंदा रंगवायचं आहे, तूच सांग आता. आमच्या घरात कोणालाच रंगातलं कळत नाही."

"मी शिकवेन ना," मधुसूदनराव घाईघाईने पुढे झाले. "मी कोर्स केलाय."

"नको, नको," वसुंधराबाई म्हणाल्या. "तुम्ही तिचं ऐकत जा. एवढं पुरे."