डावा, उजवा आणि मधली हवा

जेवणाच्या टेबलावर ताटांच्या जागी लाल रंगाचे दोन धातूचे ठोकळे बसलेले पाहून डॉक्टरांच्या बायकोने हातातलं गरम भांडं तसंच धरून ठेवलं.

"हे काय आहे?"

"ब्रेक," डॉक्टर म्हणाले. "खरं म्हणजे कॅलिपर. चाकाची चकती दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात ना, ते."

"आपल्या गाडीचे?"

"आता आपल्या गाडीचे. आधी रेसच्या गाडीचे होते."

"रेसच्या गाडीला ब्रेक कशाला लागतात?" बायकोने विचारलं. ती शाळेत उपमुख्याध्यापिका होती आणि उत्तर देता येणार नाही असे प्रश्न विचारण्याची तिला सवय होती. "आणि त्या माणसाने ते विकले का?"

"त्याचं लग्न झालं."

बायकोने भांडं ओट्यावर ठेवलं आणि त्या दिवशी दोघं उभ्या उभ्याच जेवले.

डॉक्टर दातांचे. खाली दवाखाना, वर घर आणि पुढच्या अंगणात त्यांची ती जुनी गाडी. दवाखाना चालू लागल्यावर त्यांनी हौसेने घेतलेली पहिली वस्तू. याच गाडीतून त्यांनी मुलीला इस्पितळातून घरी आणलं होतं आणि याच गाडीतून तिला सासरी पोचवलं होतं. गाडीवर त्यांचा जीव होता, आणि हे ते बायकोसमोर सोडून सगळीकडे कबूल करत. पण गाडी म्हातारी झाली होती. गेल्या आठवड्यात आपल्या फाटकापाशी थांबायची ती शेजाऱ्यांच्या कुंड्यांपाशी थांबली. कुंड्या आधी तिथे होत्या, नंतर नव्हत्या.

त्याच संध्याकाळी बायकोने निकाल जाहीर केला होता. "पुढच्या रविवारी आई येतेय. स्टेशनवरून तिला याच गाडीतून आणा. उतरल्यावर ती म्हणाली की गाडी ठीक आहे, तर गाडी राहील. नाहीतर सोमवारी विकायची. माझ्या भावाने गिऱ्हाईक बघून ठेवलंय."

म्हणजे गाडीचा जीव सासूबाईंच्या हातात होता. सासूबाई एका मोठ्या इस्पितळाच्या मेट्रन म्हणून निवृत्त झालेल्या. घरातही त्यांना सगळे मेट्रनच म्हणत. भलेभले सर्जन त्यांना पाहून जिना बदलायचे. अमुक एक गाडी ठीक आहे, असं त्या आजवर एकदाही म्हणाल्या नव्हत्या. टॅक्सीत बसल्या तरी निम्म्या वाटेत "थांबव" म्हणत आणि उरलेली वाट चालत जात.

गॅरेजवाल्याने गाडी पाहून सांगितलं होतं, "ब्रेकचे पॅड झिजलेत डॉक्टर. बदलून टाकू, तासाभराचं काम." पण नुसते दात साफ करून घ्यायला आलेल्या माणसाला रूट कॅनॉल सुचवण्यात डॉक्टरांची हयात गेलेली. एवढ्यावर त्यांचं समाधान होईना. दोन पेशंटच्या मधल्या वेळात ते मोबाईलवर ब्रेकविषयी वाचू लागले, मग पेशंट खुर्चीत असतानाही वाचू लागले, आणि शेवटी त्या नवविवाहित तरुणाच्या दारात जाऊन उभे राहिले. "हात माझे, हत्यारं माझी," त्यांनी बायकोला ठणकावून सांगितलं. "गॅरेजची गरजच नाही."

बुधवारी दवाखान्याला सुट्टी. डॉक्टरांनी जॅक लावून गाडी पुढून उचलली आणि पांढरा कोट, हातमोजे, कपाळावर दिवा अशा थाटात कामाला हात घातला.

त्या तरुणाने दोन्ही कॅलिपरना चिकटपट्ट्या लावून त्यांवर 'डावा' आणि 'उजवा' असं व्यवस्थित लिहून दिलं होतं. दुसरा कोणीही ते वाचून सरळ बसवून मोकळा झाला असता. पण डाव्या-उजव्याच्या बाबतीत डॉक्टर साध्या माणसांवर विश्वास ठेवत नसत. पेशंट समोर असतो, तेव्हा आपल्या डाव्या हाताला येते ती त्याची उजवी दाढ. हे कॉलेजात पहिल्याच वर्षी शिकवतात आणि बाकीच्या जगाला ते कधीच कळत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. ते गाडीच्या तोंडासमोर उभे राहिले, दोन्ही दिव्यांकडे पाहिलं आणि कनवाळूपणे हसले.

"पोराने गाडीकडे तोंड करून लिहिलेलं दिसतंय," ते स्वतःशीच म्हणाले. "त्याला बिचाऱ्याला काय माहीत, की बाजू नेहमी पेशंटची धरायची असते!"

आणि त्यांनी मोठ्या मनाने त्याची चूक दुरुस्त केली. डावा उजवीकडे गेला, उजवा डावीकडे. पोराने खरं तर बरोबरच लिहिलं होतं. पण नसलेली चूक दुरुस्त करायला हुशारी लागते, आणि ती डॉक्टरांपाशी भरपूर होती.

कॅलिपर बसले, आणि बसले ते इतके छान की डॉक्टरांनी फोटो काढला. मग चाक चढवायला घेतलं तर चाक चढेना. नवे ब्रेक थोराड, जुनी रिम लहान. डॉक्टरांनी चाक फिरवून पाहिलं, उलटं करून पाहिलं, दुसरं चाक लावून पाहिलं. शेवटी त्या तरुणाला फोन केला.

"हो, मोठ्या रिम लागतात ना," तो म्हणाला. "माझ्याकडे आहेत. टायरसकट. तुम्ही परत याल म्हणून बांधूनच ठेवल्यात."

मोठी चाकं आली. ती चढली, पण स्टिअरिंग जरा वळवलं की मडगार्डच्या आतल्या प्लॅस्टिकला खर्रकन घासू लागली. डॉक्टर दवाखान्यात गेले, लांब वायर लावून आपलं जुनं दात कोरायचं यंत्र घेऊन आले आणि गाडीखाली शिरून ते प्लॅस्टिक कोरत बसले. त्या आवाजाने रस्त्यावरून जाणारी दोन माणसं गाल धरून थांबली.

"दुखतंय का तिला?" वरच्या खिडकीतून बायकोने विचारलं.

"भूल दिलीय," गाडीखालून उत्तर आलं.

आता राहिलं होतं शेवटचं काम, ब्रेकच्या नळ्यांमधली हवा काढणं. हे एकट्याचं काम नव्हे. एकाने आत बसून पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने खाली कॅलिपरचा छोटा स्क्रू सोडून हवा बाहेर जाऊ द्यायची, स्क्रू आवळायचा, मग पेडल सोडायचं. शुक्रवारी शाळेतून आल्या आल्या बायकोला स्टिअरिंगमागे बसवण्यात आलं. तिने तपासायच्या उत्तरपत्रिका सोबत घेतल्या.

"दाब!"

"दाबलं."

"धर!"

"धरलंय."

"सोड. चूळ भर."

"काय?"

"काही नाही. दाब!"

बायको पेडल दाबत होती आणि स्टिअरिंगवर उत्तरपत्रिका टेकवून मार्क देत होती. एका बाजूने ब्रेक ऑइल ओतलं जात होतं, दुसऱ्या बाजूने गळत होतं. तरीही पेडल काही घट्ट होईना. पाय ठेवला की ते लोण्यात गेल्यासारखं सरळ तळाला जाऊन टेकायचं. अंधार पडेपर्यंत हेच चाललं. पूर्वी गाडी निदान कुंड्यांपाशी तरी थांबायची. आता ती कुठे थांबेल, ते सांगायची सोय उरली नव्हती.

"अहो," बायको उतरत म्हणाली, "माझ्या या पायाला आता दुसऱ्या पायापेक्षा जास्त ताकद आलीय. ब्रेकला मात्र काही आलेली दिसत नाही. मी भावाला सांगते, गिऱ्हाईक रविवारीच आण म्हणून."

डॉक्टर गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले. त्यांना खरोखरच रडू यायचं बाकी होतं.

शनिवारी सकाळी मेहुणाच आला. गाडीसाठी नव्हे, दाढेसाठी. तो विम्याच्या कचेरीत होता. जगातल्या प्रत्येक वस्तूचा एक दिवस चुराडा होणार, हे गृहीत धरूनच तो बोलत असे.

"गिऱ्हाईक पक्कं आहे डॉक्टर," खुर्चीत मागे रेलत तो म्हणाला. "पत्र्याच्या भावाने घेईल, पण घेईल. माणसाने वेळेत मोह सोडावा. मोठ्ठा आऽ करू का?"

"करा," डॉक्टर म्हणाले, जरा जास्तच आनंदाने, आणि त्यांनी पहिलं इंजेक्शन दिलं. मेहुण्याचा गाल बधिर झाला, जीभ जड झाली, शब्द विरघळले. डॉक्टरांनी त्याच्या तोंडात कापसाचे बोळे कोंबले आणि दुसरं इंजेक्शन भरलं. सवयीने सुई वर केली, सिरिंजला टिचकी मारली. आतला बुडबुडा वर सरकला आणि सुईतून निघून गेला.

डॉक्टर सिरिंजकडे बघतच राहिले. त्यांनी हात तसाच ठेवून सुई खाली केली, पुन्हा वर केली.

"हवा वर जाते," ते म्हणाले.

"आं?" मेहुणा म्हणाला.

"हवा वर जाते हो! आणि माझे स्क्रू खाली आहेत! कारण कॅलिपर उलटे आहेत! कारण त्या पोराने बरोबर लिहिलं होतं!"

सिरिंज ट्रेमध्ये टाकून डॉक्टर अंगणात धावले. मेहुणा गळ्यातल्या हिरव्या फडक्यासकट उठून खिडकीशी आला, तर पेशंटला अर्ध्यावर टाकून डॉक्टर गाडीचं चाक काढताना दिसले. डावा कॅलिपर डावीकडे गेला, उजवा उजवीकडे, आणि हवा काढायचे दोन्ही स्क्रू अगदी वर आले. आता पेडल दाबायला माणूस हवा होता. बायको शाळेत होती. डॉक्टरांची नजर खिडकीकडे गेली.

"या!" ते म्हणाले.

"आंऽ आंऽ," मेहुण्याने मान हलवली.

"भूल उतरली की ती दाढ किती ठणकेल, ठाऊक आहे ना? माझं इथलं काम संपल्याशिवाय मी आत येणार नाही."

मेहुणा मुकाट्याने गाडीत जाऊन बसला. तोंडातून लाळ गळत होती, बोळे गालात फुगले होते. पत्र्याच्या भावाने जाणाऱ्या गाडीचे ब्रेक तो इमानेइतबारे दाबत होता.

"दाबलं?"

"आअं."

"धरलं?"

"अअं ओ!"

फसफस करत हवा निघाली, मग नुसतं ऑइल आलं. हळूहळू मेहुण्याच्या पायाखालचं पेडल वर आलं आणि दगडासारखं घट्ट झालं. मेहुण्याच्या चेहऱ्यावर तर भाव दाखवायला जागाच नव्हती, पण डॉक्टरांनी त्याला मिठी मारली. मग आत नेऊन त्याच्या दाढेत तात्पुरतं सिमेंट इतक्या प्रेमाने भरलं की तसं त्यांनी कधी कुणाचं भरलं नव्हतं.

रविवारी मेट्रन स्टेशनवर उतरल्या. त्या पुढे बसल्या, बायको आणि मेहुणा मागे. मेहुणा सोबत आला होता तो आईचा निकाल ऐकायला.

"जावईबापू, हळू," गाडी सुरू व्हायच्या आधीच मेट्रन म्हणाल्या.

डॉक्टर हळूच चालले होते. बाजाराचा चौक ओलांडला, इस्पितळाची भिंत आली. मेट्रननी दोन्ही हातांनी पर्स घट्ट धरली होती आणि त्या अजून "थांबव" म्हणाल्या नव्हत्या. तेवढ्यात गल्लीतून एक माणूस ढकलगाडीवर फ्रिज घेऊन थेट समोर आला. गाडी बघून तो जागीच खिळला, आणि फ्रिजही.

डॉक्टरांनी पेडलवर पाय ठेवला. फक्त ठेवला. गाडी थांबली. थांबली म्हणजे होती तिथेच संपली. बायकोच्या मांडीवरची मेट्रनची बॅग पुढे आली, मेहुण्याची हनुवटी पुढच्या सीटवर आपटली आणि दाढेतलं सिमेंट उडून काचेवर टिक् करून वाजलं. फ्रिज आणि गाडी यांच्यामध्ये वीतभर जागा शिल्लक होती.

मेट्रननी हळूहळू पर्सवरचे हात सोडले.

"थांबली," त्या म्हणाल्या.

"हो," डॉक्टर म्हणाले.

"सांगितल्याबरोबर थांबली." मेट्रन दार उघडून उतरल्या, गाडीला वळसा घालून डॉक्टरांच्या बाजूला आल्या. "सरका तिकडे. मला बघू द्या."

"आई, तू?" मागून बायको ओरडली. "तू गाडी चालवणं सोडून किती वर्षं झाली!"

"मी सोडलं नव्हतं. गाड्या ऐकत नव्हत्या." मेट्रननी सीट पुढे ओढून घेतली. "चारशे खाटांच्या इस्पितळात मी थांब म्हटलं की स्ट्रेचर थांबायचं. आणि रस्त्यावर एक टीचभर गाडी माझं ऐकेना, म्हणून नाद सोडला."

उरलेला रस्ता त्यांनी चालवला. दर कोपऱ्यावर गाडी थांबवली. कारण असताना थांबवली आणि नुसती हौस म्हणूनही थांबवली. दर वेळी मागच्या दोघांची डोकी पुढे येत होती आणि मेट्रनच्या चेहऱ्यावरचं हसू वाढत होतं. फाटकापाशी, बरोबर फाटकापाशी, त्या उतरल्या.

"गाडी ठीक आहे," त्या म्हणाल्या.

डॉक्टरांना आनंदाने काय करू आणि काय नको असं झालं. त्यांनी विजयी नजरेने बायकोकडे पाहिलं, मेहुण्याकडे पाहिलं. मेहुणा गाल धरून उभा होता.

"विकायची नाही," मेट्रन पुढे म्हणाल्या. "मी नेते."

डॉक्टरांचं हसू तोंडावर तसंच राहिलं.

"अगं आई, किती छान!" बायको टाळी वाजवून म्हणाली. "म्हणजे गाडी घरातच राहिली, आणि आपल्याला नवी घेता येईल!"

सगळ्यांनी डॉक्टरांकडे पाहिलं. जावयाला या प्रसंगी जे एकच उत्तर देता येतं, ते त्यांनी दिलं. "आई, तुमचीच आहे," ते म्हणाले आणि किल्ली मेट्रनच्या पर्समध्ये गेली. मुक्काम संपल्यावर गाडीही गेली. वळणावर ती क्षणभर अशी काही चपखल थांबली, की डॉक्टरांचा ऊर भरून आला. वाईट वाटत होतं आणि अभिमानही वाटत होता.

नव्या गाडीत सगळं आपोआप व्हायचं. डॉक्टर तिच्यात बसून नुसतेच जायचे आणि यायचे. असे काही आठवडे गेल्यावर एका दुपारी दवाखान्यात मेट्रनचा फोन आला.

"जावईबापू, गाडी उत्तम थांबते. पण पुढची चाकं ऐकतात तेवढी मागची ऐकत नाहीत. मागच्यांचंही काही करता येईल का?"

डॉक्टर खुर्चीत ताठ झाले. समोरच्या पेशंटला त्यांनी हाताने आऽ तसाच ठेवायची खूण केली.

"येईल ना, आई! त्या पोराकडे मागचे पण आहेत. गाडी घेऊन या. फक्त इथे ठेवावी लागेल थोडे दिवस. काम नाजूक असतं. बसवायचं, मग लक्ष ठेवायचं, रोज थोडी चालवून बघायची. महिनाभर लागेल कदाचित. जास्तही लागेल."



"जावईबापू," मेट्रन म्हणाल्या, "माझा सगळा जन्म इस्पितळात गेलाय. बऱ्या झालेल्या पेशंटला ठेवून घेणारे डॉक्टर मला आवाजावरून कळतात. रविवारी येते, संध्याकाळी घेऊन जाते. पेडल मी दाबीन."