खंड्याची झेप, कलमं सतरा

"सेटिंग? अहो, सेटिंग म्हणजे माझ्या हातचा मळ!"

ओगिवारा तेत्सुओ हे वाक्य बोलले, आणि नेमकं नको तिथे बोलले. घरात बायकोच्या पुष्परचना मंडळाच्या सहा जणी चहाला बसल्या होत्या. अशा वेळी नवऱ्यानं माडीवर जाऊन गुपचूप पेपर वाचावा, ही रीत. पण लिफ्टच्या कंपनीतून निवृत्त झाल्यापासून ओगिवारा योशिएबाईंची पाठ सोडत नव्हते. त्या भाजीला निघाल्या की हे पिशवी घेऊन दारात हजर! त्या केस कापायला गेल्या की हे बाहेरच्या बाकावर! बुटाच्या तळव्याला चिकटलेलं ओलं पान, असं आमच्याकडच्या, जपानातल्या, बायका असल्या नवऱ्यांना म्हणतात, आणि म्हणताना आवाज मुळीच खाली आणत नाहीत.

शेवटी योशिएबाईच म्हणाल्या होत्या, "एक कॅमेरा घ्या. आणि घराबाहेर जा."

ओगिवारांनी तळहातावर मावेल असा, आरसा नसलेला छोटासा नवा कॅमेरा घेतला, त्याची दोनशे पानांची पुस्तिका तीनदा वाचून काढली आणि घरातच बसले.

"मग फोटो कशाचे काढता?" एका बाईनं विचारलं.

"खंड्याचे! तळ्यावरच्या खंड्याचे!"

"अय्या! आम्हाला कधी बघायला मिळणार?"

"नोव्हेंबरच्या प्रदर्शनात. भिंतीवर!"

त्यातल्या एक इशिगेबाई. वस्तीच्या सभागृहातल्या प्रदर्शनाची यादी त्याच करत. त्यांनी तिथल्या तिथे वही काढली. आठवड्यात यादी छापून घरोघर फिरली सुद्धा: 'ओगिवारा तेत्सुओ, खंड्याची झेप.' आमच्याकडे एकदा नाव छापलं की विषय संपला. माणूस मेला तरी त्याचा फोटो भिंतीवर लागलाच पाहिजे!

"अहो, तुम्ही खंड्या पाहिलाय कधी?" बायका गेल्यावर योशिएबाईंनी विचारलं.

"चित्रात."

"अकरा वर्षं मी त्या सभागृहात फुलं मांडतेय. मला तिथे तोंड दाखवायला जागा ठेवा, एवढंच सांगते."

बायकोचं नाक कापलं जाणार हे तर होतंच, पण पक्ष्यांचं पुस्तक उघडल्यावर आणखी एक किडा ओगिवारांच्या डोक्यात शिरला. एवढासा वीतभर जीव थेट पाण्यात सूर मारतो. मग त्या वेळी तो डोळे उघडे ठेवतो की मिटतो? मिटत असेल तर मासा कसा दिसतो? पासष्ट वर्षं तळ्यापासून दहा मिनिटांवर राहून हा प्रश्न आपल्याला पडला कसा नाही, याचंच त्यांना नवल वाटायला लागलं.

दुसऱ्या दिवशी ते तळ्यावर गेले. तिथे रोजच्याप्रमाणे सहा निवृत्त म्हातारे तिपाया मांडून ओळीनं उभे होते. पाण्यात त्यांनीच एक काठी रोवलेली. खंड्यानं येऊन तिच्यावर बसावं, ही विनंती! ओळीच्या त्या टोकाला मिझोगुची-सेन्सेई, म्हणजे मिझोगुची गुरुजी. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, माजी मुख्याध्यापक. नातवाला मांडीवर घ्यावं तशी त्यांनी लेन्स धरली होती. या टोकाला हामानो-सान, म्हणजे हामानोराव, माजी मासेवाले, पोट पुढे आणि लेन्स त्याच्याही पुढे.

हामानोंनी ओगिवारांचा कॅमेरा वाकून पाहिला. "हे पुढे काय लावलंय?"

"लेन्स. कॅमेऱ्यासोबत आली. चपटी आहे, खिशात मावते."

"शर्टासोबत जादा बटण येतं ना, त्यातली ही गत! मोज्यांच्या कप्प्यात ठेवून द्या. इथे लांबचं बघणारी लागते."

ओगिवारांनी लांबचं बघणारी आणली. आता पुढे हातभर लेन्स आणि मागे चिमूटभर कॅमेरा! पण खरी पंचाईत पुढेच होती.

"शटर उघडं राहणार सेकंदाचा दोन हजारावा भाग," सेन्सेई म्हणाले. "त्याहून सावकाश चालणार नाही. पाण्याचा थेंब न् थेंब हवेत थांबला पाहिजे."

"काहीतरीच!" हामानो उसळले. "पाचशेवा भाग! थेंबांच्या रेघा दिसू देत जरा. चाळीस वर्षं मासे विकलेत मी. थांबलेला मासा म्हणजे शिळा मासा!"

"मग उजेड कमी पडला तर आयएसओ किती ठेवायचं?" ओगिवारांनी भीत भीत विचारलं.

विचारायला नको होतं. आयएसओवरून, म्हणजे कॅमेऱ्यानं उजेड किती जोरानं टिपायचा त्या आकड्यावरून, हे दोघे एकदा नऊ दिवस एकमेकांशी बोलले नव्हते, म्हणे! सेन्सेई म्हणाले, वाढवा. हामानो म्हणाले, वाढवलंत तर फोटोवर तीळ सांडल्यासारखे दाणे येतात. मधल्या चौघांनी चार वेगळे आकडे सांगितले. एक ना धड, भाराभर चिंध्या!

पण ओगिवारा लिफ्टवाले होते. एकेचाळीस वर्षं त्यांनी लिफ्ट तपासल्या होत्या, आणि तिथली शिस्त म्हणजे एकेका वस्तूकडे बोट दाखवायचं आणि मोठ्यानं बोलायचं. दोर, ठीक! दार, ठीक! म्हणजे काही राहून जात नाही. त्यांनी कॅमेऱ्याच्या सेटिंगची सतरा कलमं कागदावर उतरवली, तिपाईला टांगली, आणि सकाळच्या त्या शांततेत हात ताठ करून सुरुवात केली.

"एक! बॅटरी, पूर्ण! ठीक! दोन! कार्ड, आत! ठीक! तीन! लेन्सचं झाकण, काढलेलं! ठीक!"

तळ्यातली बदकं पलीकडच्या काठाला गेली. नवव्या कलमावर काहीतरी निळं सर्रकन आलं, डुबुक झालं, आणि निळं सर्रकन गेलं.

सहाही माना ओगिवारांकडे वळल्या.

"ओगिवारा-सान," हामानो शांतपणे म्हणाले, "तुमची लिफ्ट आली होती. गेली."

त्यानंतर सात आठवडे हेच! कलमं म्हटली तर खंड्या पळतो, नाही म्हटली तर काहीतरी हमखास राहून जातं. एकदा फोकस जवळच्या गवतावर. एकदा फोटो काढण्याऐवजी तीन तासांचं चलचित्र. एकदा तर लेन्सचं झाकणच! काठीचे मात्र असे झकास फोटो जमले, की काठीच्या आईनंही फ्रेम करून लावावेत. खंड्या अजून त्यांनी पाहिलाच नव्हता. पाहिली होती ती निळी रेघ. डोळे उघडे की मिटलेले, हे रेघेत कुठलं कळायला?

आणि शेवटचा दिवस उजाडला. दुपारी चारपर्यंत फोटो सभागृहात पोचवायचा होता. यादी तळ्यावरच्या सगळ्यांच्याही घरी गेलेली, त्यामुळे ओगिवारांचं काय टांगणीला लागलंय, हे सगळ्यांना ठाऊक. म्हाताऱ्यांना दया आली. आणि त्या दयेनंच घात केला!

"द्या इकडे," म्हणत सेन्सेईंनी कॅमेरा घेतला आणि शटर दोन हजारावर नेलं. ते चहा घ्यायला वळले, तशी हामानोंनी पाठीमागून पाचशे केलं. तिसऱ्यानं फोकसची चौकट बदलली. चौथ्यानं रंग बदलले. पाचव्यानं काय केलं ते त्यालाही सांगता येईना, पण पडद्यावरची अक्षरं अचानक पोर्तुगीज झाली.

ओगिवारांनी कॅमेरा परत तिपाईवर चढवला. "आता मला पहिल्यापासून सगळं तपासलं पाहिजे."

"तपासा," सेन्सेई म्हणाले. "पण कुजबुजत!"

ओगिवारांनी हात ताठ केला आणि कुजबुजत सुरुवात केली. एक, ठीक. दोन, ठीक. उरलेले सहाजण आपापल्या तिपाईपाशी उभे राहून त्यांच्या बोटाकडे बघत राहिले. काठीकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. आता अक्षरं परकी, त्यामुळे एकेका कलमाला दोन-दोन मिनिटं. चौदाव्याला त्यांनी बोट रोखलं, तोंड उघडलं, "शटर..."

आणि खंड्या येऊन बसला.

काठीवर नाही. ओगिवारांच्या लेन्सवर! लेन्सच्या पुढच्या कडेवर, त्यांच्या नाकापासून हातभर अंतरावर!

आता बघा दैवाची गंमत. सहा माणसं, सहा तोफेसारख्या लेन्स, आणि एकीलाही पंधरा फुटांच्या आतलं दिसत नाही! हामानोंना खंड्या हात लांबवून उचलता आला असता, पण त्यांच्या लेन्समधून तो म्हणजे नुसतं निळं धुकं. सेन्सेईंचं अंतर बरोबर जमत होतं, पण त्यांच्या आणि खंड्याच्या मध्ये चार डोकी आणि हामानोंचं पोट. जवळचं टिपणारी लेन्स साऱ्यांत मिळून एकच, आणि ती घरी मोज्यांमध्ये झोपलेली! खिशातला फोन काढावा तर हात हलवावा लागणार. हलला की गेला.

कुणी श्वास घेईना. "पोट... आत घ्या..." ओठ न हलवता सेन्सेई पुटपुटले. "हे... आतच आहे..." हामानो पुटपुटले.

ओगिवारांचं बोट तसंच ताठ, तोंड तसंच उघडं. पण खरं सांगायचं, तर त्यांना त्या क्षणी फोटोची आठवणसुद्धा राहिली नव्हती. पाय नारिंगी असतात तर! कानामागे पांढरा ठिपका! पाठीवरचा निळा रंग एका जागी थांबतच नव्हता. छाती धपापत होती. चोचीला पाण्याचा थेंब. आणि मग, अगदी त्यांच्यासमोर, त्याच्या डोळ्यावरून एक पातळ पांढुरका पडदा सर्रकन सरकला आणि परत गेला. पडदा! म्हणजे उघडाही नाही आणि मिटलेलाही नाही! ओगिवारांना इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं.

खचाक!

कुठूनतरी फोटो काढल्याचा आवाज झाला, आणि खंड्या उडाला.

"कोण तो? कुणाचं शटर वाजलं?" सेन्सेई गरजले.

"माझं नाही! माझं बिनआवाजाचं आहे!"

"माझंही!"

"मग तुमचं!"

"माझं कसं? मला तर तुमचं टक्कलच दिसत होतं!"

अर्धा तास ही चौकशी चालली. मग ओगिवारांचं लक्ष पुलाजवळच्या बाकाकडे गेलं. त्यावर त्यांचा घरी विसरलेला जेवणाचा डबा, फडक्यात नीट बांधून ठेवलेला. योशिए येऊन गेली वाटतं, एवढंच त्यांच्या मनात आलं. भाताचे गोळे सगळ्यांनी वाटून खाल्ले.

पावणेचारला ओगिवारा सभागृहात शिरले ते माफीची वाक्यं घोकत. नाव मागे घ्यायचं, कमरेत वाकायचं, बायकोकडे बघायचं नाही. पण त्यांच्या जागी, त्यांच्या नावाच्या पट्टीवर, भलामोठा फोटो लागलेला होता!

फोटोत तळं होतं. सात म्हातारे होते. सातांचीही तोंडं उघडी, डोळे बटाट्याएवढे. एकाचं बोट ताठ, डोळ्यांत पाणी. आणि सगळे जिवाच्या आकांतानं एका लेन्सकडे बघत होते.

लेन्सवर काहीही नव्हतं.

"योशिए!"

"ओरडू नका, फुलं मांडतेय," योशिएबाई कैची चालवत म्हणाल्या. "तीन वाजले तरी तुमचा पत्ता नाही. तळ्यावर डबा ठेवायला गेले तेव्हा पुलावरून फोनवर काढला होता. कोपऱ्यावरच्या दुकानातल्या यंत्रावर मोठा करून घेतला आणि दिला लावून. बेचाळीस वर्षांच्या संसारात तुमचा असा चेहरा मी पाहिला नव्हता हो! हाक मारायची होती, तर मारवेचना."

"अगं, पण लेन्सवर..."

"हां, ते निळं फडकं ना? लेन्स पुसायचं? कुणी टाकलं होतं तिथे? इतकं वाईट दिसत होतं! बोट फिरवलं, गेलं. फोनमध्ये हल्ली ती सोय आहे."

ओगिवारांनी नाक फोटोला टेकवलं. "आणि मूळचा फोटो?"

"तो कशाला ठेवू? छाटलेली पानं मी कधी घरी आणते का?"

"योशिए, तो खंड्या होता."

कैची थांबली. योशिएबाईंनी फोटोकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि हातातलं फूल सावकाश फुलदाणीच्या बाहेर ठेवलं. "अगंबाई," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी प्रदर्शन उघडलं, आणि गर्दी झाली ती त्याच फोटोपुढे! सूर्यास्त ओस पडले, चेरीची झाडं ओस पडली. लोक पट्टी वाचत, 'खंड्याची झेप', मग फोटो बघत, मग पुन्हा पट्टी वाचत. कुणी चष्मा पुसून झाडीत शोधलं, कुणी पाण्यात. तळ्यावरचे सहाजण येऊन "होता, होता! आम्ही पाहिलाय!" असं छातीठोकपणे सांगत होते, पण फोटोत तेच सहाजण तसल्या चेहऱ्यांनी उभे असल्यामुळे त्यांच्यावर विश्वास कोण ठेवणार?

काठी टेकत एक नव्वदीच्या आजी आल्या. त्या फोटोपुढे इतका वेळ थांबल्या, की कुणीतरी त्यांना खुर्ची आणून दिली. शेवटी त्यांनी ओगिवारांची बाही ओढली.

"का हो, हे सगळे बघताहेत तरी काय?"

"खंड्या, आजी," ओगिवारा म्हणाले. "त्या लेन्सवर बसला होता. अगदी माझ्या नाकासमोर!"

आजींनी लेन्सकडे पाहिलं. पट्टी पुन्हा एकदा वाचली. आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडला.

"असं होय! उडून गेला म्हणा की," त्या मायेनं म्हणाल्या. "मग बाळा, फोटो जरा आधी काढायचा ना!"

ओगिवारा कमरेत वाकले. "चुकलंच माझं," ते म्हणाले.