लाल पट्टीची सात पत्रं

शुक्रवारी दुपारी बारा वाजून गेल्यावर, दादरच्या घरात रमाकांत प्रधान यांनी लॅपटॉपवरून मान वर केली, चष्मा पुसला आणि जाहीर केलं, "लाल पट्टीची सगळी निकालात काढली. सातच्या सात."

समोर जेवणाच्या टेबलावर ऑफिसचं काम करत बसलेल्या त्यांच्या मुलीने, मनवाने, हातातला चहा खाली ठेवला. ती लोअर परळच्या एका कंपनीत ईमेलचं रूप ठरवण्याचं काम करते. फसव्या पत्रांवर लाल पट्टी लावायची कल्पना तिचीच. ऑफिसातल्या चाळीस जणांनी ती पाहिली आणि चाळीसही जणांना ती कळली. त्या चाळिसांत तिशी ओलांडलेलं कुणीच नव्हतं, पण तेवढं बघायला वेळ कुणाला असतो? सोमवारी पट्टी पक्की व्हायची होती, म्हणून बुधवारी तिने ती बाबांच्या लॅपटॉपवर चाचणीपुरती बसवली. आधी काही समजावून सांगायचं नाही, असा चाचणीचा नियम होता. तिने तो नको तितका पाळला.

"निकालात काढली म्हणजे उडवलीत ना?"

"उडवतो कशाला? उत्तरं दिली."

"बाबा, लाल म्हणजे धोका."

"लाल म्हणजे तातडीचं," बाबा शांतपणे म्हणाले. "छत्तीस वर्षं सरकारी कचेरीत काढली मी. फायलीला लाल चिठ्ठी लागली की हातातला चहासुद्धा बाजूला ठेवायचा."

"अहो, पट्टीवर लिहिलंय ना सगळं."

"लिहिलंय? मला वाटलं नक्षी आहे."

मनवाने लॅपटॉप जवळ ओढला. लाल रंगावर करड्या रंगाची, मुंगीएवढी अक्षरं होती. त्यांच्या नाजूकपणाचं ऑफिसात खूप कौतुक झालं होतं.

घाबरतच तिने पहिलं उत्तर उघडलं. चोवीस तासांत खातं बंद होईल, ताबडतोब पासवर्ड कळवा, असं कुणीतरी धमकावलं होतं. त्यावर बाबांनी लिहिलं होतं: 'महोदय, आपल्या पत्रावर जावक क्रमांक नाही. सहीखाली हुद्दा नाही. पासवर्ड पत्राने कळवण्याची पद्धत नाही, सबब जबाबदार अधिकाऱ्यास ओळखपत्रासह कार्यालयीन वेळेत समक्ष पाठवावे. त्रुटींची पूर्तता होईपर्यंत प्रकरण प्रलंबित ठेवण्यात येत आहे.'

सातही जणांना असंच उत्तर गेलं होतं. त्यातल्या एकाने जावक क्रमांक म्हणजे काय, असं उलट विचारलं होतं.

"त्याला नमुना पाठवलाय," बाबा म्हणाले.

"आणि लिंकवर क्लिक नाही ना केलंत?"

"छाननी झाल्याशिवाय जोडपत्रं कोण उघडतं?"

मनवाला इतकं हायसं वाटलं की ती हसत सुटली. मग हसता हसता तिने सहज विचारलं, "आणि बिनपट्टीची?"

"ती सोमवारी. साध्या पत्राला सात दिवसांची मुदत असते."

ती खाली खाली जात गेली आणि एका पत्राशी थांबली. डोळ्यांच्या हॉस्पिटलचं होतं. सुभद्रा प्रधान यांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला मंगळवारची तारीख मिळाली आहे, शुक्रवारी बाराच्या आत होकार कळवा, नाहीतर नंबर पुढच्या पेशंटला जाईल. घड्याळात बारा वीस झाले होते.

या तारखेसाठी आई तीन महिने थांबली होती. सुई ओवणं तिने केव्हाच सोडलं होतं. वर्तमानपत्राचे मथळे तेवढे वाचायची आणि खालची बातमी स्वतःच रचून सांगायची. घरात सगळे तिच्या बातम्यांना हसत, पण हसून झाल्यावर बाबा तोच पेपर तिला मोठ्याने वाचून दाखवत.

बाबांचा चेहरा उतरला. "ह्याला लाल का नव्हती?"

"कारण ते खरं होतं, बाबा. पण त्यांनी फोन कसा नाही केला?"

"मीच फॉर्मवर लिहिलं होतं," बाबा हळूच म्हणाले. "फोनवर कळवू नये, लेखी कळवावे."

मनवाने नंबर फिरवला. पलीकडे काउंटरवरची मेघना होती आणि ती आधीच वैतागलेली होती.

"काय सांगू मॅडम, बारा जणांना मेल टाकला, एकाचा पण रिप्लाय नाही. सगळ्यांना फ्रॉड वाटला. त्यात लिहिलंय पण तसंच ना, बाराच्या आत कळवा नाहीतर नंबर गेला. मग अकरा जणांना फोन लावत बसले. तुमच्या फॉर्मवर फोन नको लिहिलंय, म्हणून तुमचं कॅन्सलचं लेटर टाइप करून सहीला पाठवलंय."

"मग नंबर गेला?"

"सर जेवायला गेलेत. सही होईपर्यंत नंबर तुमचाच आहे. येताय ना?"

"येतोय," मनवा म्हणाली. तिला रडूच यायला लागलं होतं.

सहीने वाचवलं, हे बाबांना सहज म्हणता आलं असतं. पण ते उठून स्वयंपाकघरात गेले आणि आईच्या हातातलं तांदळाचं ताट घेऊन स्वतः निवडत बसले.

रविवारी मनवाने लाल रंग काढून टाकला. पांढरी पट्टी केली आणि त्यावर ठळक काळ्या अक्षरांत तीन प्रश्न टाकले. हे कोणी पाठवलंय? तुमच्याकडे काय मागतायत? घाई कुणाला आहे? सोमवारी तिचा साहेब शंतनु ते बराच वेळ बघत राहिला.

"किती जणांवर टेस्ट केलंस?"

"एका माणसावर. सात भामट्यांना त्याने त्रुटीपत्रं धाडलीत."

शंतनुने पट्टी मंजूर केली. मनवाने त्याच संध्याकाळी ती ईमेलने बाबांना पाठवली आणि कशी वाटली ते विचारलं. मंगळवारी आईचं ऑपरेशन नीट झालं. पण बाबांचं उत्तर काही आलं नाही.

पुढच्या रविवारी आई काळा चष्मा कपाळावर चढवून लॅपटॉपसमोर बसली होती. डॉक्टरांनी थोडा वेळ वाचायला परवानगी दिली होती आणि थोडा वेळ म्हणजे किती, ते तिने मुद्दाम विचारलं नव्हतं.

"अहो, मनवाचं सोमवारचं पत्र आहे. उघडलंसुद्धा नाहीत?"

"लाल पट्टी नव्हती त्याला," बाबा पेपरातून म्हणाले. "सात दिवस उद्या होतात."

आईने ते उघडलं आणि एकेक अक्षर चवीने वाचायला लागली. "हे कोणी पाठवलंय? तुमच्याकडे काय मागतायत? घाई कुणाला आहे?"

तिसऱ्या प्रश्नावर तिने बोट टेकवलं.

"मला आहे," ती म्हणाली आणि पुढचं पत्र उघडलं.