तात्यांची गाडी तापते

उचगावात आमच्या शेजारी राहणाऱ्या आनंदराव तात्यांची गाडी दर रविवारी सकाळी दहाला तापते. सोमवारी नाही, शुक्रवारी नाही. शाळेच्या मास्तरला सुट्टी असली की तापते, आणि तो मास्तर मी.

"मास्तर, काटा लाल पट्टीत गेला की ओ!" तात्या कुंपणावरून ओरडतात. जन्म फाउंड्रीत गेल्यामुळे त्यांना हळू बोलता येत नाही. इकडे घरात पांढरा रस्सा उकळतोय आणि मी शेजाऱ्याच्या बॉनेटमध्ये डोकं घालून उभा! पहिल्या रविवारी रेडिएटरचं झाकण बदललं. दुसऱ्या रविवारी रेडिएटर धुतला. तिसऱ्या रविवारी थर्मोस्टॅट. गॅरेजचं नाव काढलं की म्हणायचे, "गॅरेजवाला नुसता पाना लावतोय. आधी इंजिनाचं ऐकून घ्याय पायजे की!" मग आम्ही कान लावून ऐकायचो, तात्या मधेच पुण्यातल्या मुलाच्या फ्लॅटचं काहीतरी सांगायचे, चहाचे तीन-तीन कप व्हायचे. वर हुकूम, "रेडिएटरच्या पंख्याकडं जायचं न्हाय. पंखा म्या बघितलाय."

चौथ्या रविवारी गाडीच्या आधी माझं डोकं तापलं. तात्या चहा आणायला आत गेले तसा मी पंख्यापाशी हात घातला. वायरीचा प्लग सुटलेला नव्हता, मुद्दाम काढलेला होता. धूळ बसू नये म्हणून त्यावर प्लॅस्टिकची पिशवी, वर रबर!

"तात्या, हे काय हाय?" मी किंचाळलोच. "चार रविवार घालवलं माझं! मला काय कामधंदा न्हाय व्हय?"

तात्यांनी चहाचा ट्रे कट्ट्यावर ठेवला.

"तुमची काकू गेल्यापास्नं रविवार लई मोठा झालाय, मास्तर," ते म्हणाले. हळू म्हणाले.

मी रागातच प्लग बसवला. पंखा फिरला, काटा खाली आला, गाडी दुरुस्त झाली.

पुढच्या रविवारी दहा वाजले, सव्वादहा वाजले. हाक नाही. पेपर उघडला, पण एक ओळ वाचवेना. माणसानं सुखानं बसूही देऊ नये म्हणजे काय! शेवटी उठून माझ्याच गाडीचं बॉनेट उघडलं आणि कुंपणावरून ओरडलो, "तात्या, माझी गाडी तापाय लागलीय!"

तात्या पाना घेऊनच बाहेर आले. कामाची जुनी पँट आधीच घातलेली होती. त्यांनी इंजिनावर तळहात ठेवला. गाडी मी अजून सुरूसुद्धा केली नव्हती.

"लई तापलंय ओ," ते म्हणाले. "आज दिवस जाणार की."