डॉक्टरांची शिडी

शिडी माळ्यावर होती आणि ती खाली काढायला शिडी लागत होती. मुद्रितशोधक माळ्याखाली उभे राहून वर बघत होते. शिडीचे दोन पाय कडेबाहेर आलेले होते. गेली दोन वर्षं त्यांच्याखालून जाताना मुद्रितशोधक मान खाली घालत. डोकं आपटेल म्हणून नव्हे. शिडी समोरच्या डॉक्टरांची होती.

पत्नी असताना पडदे लावायला ती आणली होती. "डॉक्टरांकडून शिडी घेऊन या," असं तीच म्हणाली होती. पडदे लागले, दोघांनी मिळून शिडी तात्पुरती माळ्यावर सरकवली, आणि मग तिचं आजारपण, दवाखाना आणि पुढचं सगळं झालं. शिडी परत करणं आज-उद्यावर गेलं. पुढे इतका उशीर झाला की नुसती शिडी देऊन भागेना, उशिराचं कारणही द्यावं लागणार होतं आणि ते काही सुचेना. मग मुद्रितशोधक डॉक्टरांना टाळू लागले. जिन्यात चाहूल लागली की दाराआड थांबायचे. दिवसचे दिवस त्यांचं बोलणं फक्त छापखान्याच्या मालकांशी व्हायचं, तेही फोनवर, आणि ते म्हणजे "प्रुफं कधी देताय?" एवढंच.

सध्याची प्रुफं चालढकलीवरच्या पुस्तकाची होती. मेंदूशास्त्राच्या मदतीने आळस कसा झटकावा, असा विषय. मुद्रितशोधकांनी आयुष्यभर पुस्तकांतली अक्षरं तपासली होती, मजकूर वाचायच्या भानगडीत ते पडत नसत. पण तिसऱ्या प्रकरणात "मेंदू कामाला नव्हे, कामाच्या भिंतीला घाबरतो" असं छापलं होतं. त्यांनी अनुस्वार उडवला, वेलांटी दीर्घ केली, आणि भिंतीची भीती होताच वाक्य थेट त्यांच्या अंगावर आलं.

मग ते पान त्यांनी नीट वाचलं. मोठं काम दिसलं की मेंदूत धोक्याची घंटा वाजते. म्हणून कामाचा इतका छोटा तुकडा करावा की घंटेला पत्ता लागू नये. तुकडा संपला की लगेच काहीतरी गोड खावं. मेंदू खूश होतो आणि पुढचा तुकडा आपणहून मागतो. घरात खोकल्यासाठी आणलेल्या पेपरमिंटच्या गोळ्या होत्या. त्यांनी मूठभर खिशात टाकल्या.

कामाचं टेबल माळ्याखाली ओढलं. एक गोळी. टेबलावर खुर्ची चढवली. दुसरी गोळी. खुर्चीवर स्वतः चढले. तिसरी. पहिली अजून विरघळायची होती, पण मेंदूचा हुरूप मोडायला नको म्हणून त्यांनी तिन्ही डाव्या गालात सरकवल्या. शिडीला हात लागला तेव्हा चौथी गेली.

शिडी मात्र त्यांच्यापेक्षा जास्त हुरुपात होती. जरा ओढताच ती सरसरत निघाली, सोबत एक जुनी सूटकेस घेऊन. सूटकेस टेबलावरच्या प्रुफांवर बसली आणि पानं घरभर उडाली. मुद्रितशोधक सुखरूप खाली उतरले, त्याच्या दोन गोळ्या झाल्या.

आता दार. त्यांनी शिडी आडवी करून बाहेर रेटली. अर्धी जिन्याच्या चौकात गेली आणि तिचं पुढचं टोक धाडकन डॉक्टरांच्या दारावर आदळलं. ते घाबरून मागे ओढायला गेले तर मागचं टोक चपलांच्या कपाटात शिरून घट्ट बसलं. शिडी पुढे जाईना की मागे येईना. पुस्तकात याचा तुकडा कसा पाडायचा ते दिलेलं नव्हतं. त्यांनी धीर यावा म्हणून आणखी एक गोळी तोंडात टाकली, तोच समोरचं दार आतून उघडलं.

डॉक्टर म्हणजे निवृत्त भूलतज्ज्ञ. लेक लांबच्या शहरात, घरात ते एकटेच.

"काय झालं हो?" त्यांनी विचारलं.

मुद्रितशोधकांचं वाक्य दोन वर्षं तयार होतं. "फमा फरा," ते म्हणाले. "उफीर फाला."

डॉक्टरांचा चेहरा बदलला. "असं बोलणं कधीपासून होतंय?"

"दोन वर्फं."

"आणि अजून कुणाला दाखवलं नाहीत? दोन्ही हात वर करा बघू."

त्यांनी हात वर केले. सुटलेली शिडी डॉक्टरांच्या पायावर पडली. डॉक्टरांनी ओठ आवळले. "आता हसून दाखवा."

मुद्रितशोधक हसले. गोळ्यांनी भरलेला डावा गाल जागचा हलला नाही.

"खाली बसा. अर्धांगाचं लक्षण दिसतंय. मी आलोच," म्हणत डॉक्टरांनी शिडीच्या पायऱ्यांमधून एक पाय घातला, दुसरा उचलला, आणि गुडघ्याशी अडकून तिथेच बसले. तोवर मुद्रितशोधकांनी तोंडातला सगळा ऐवज तळहातावर काढला होता.

"गोळ्या आहेत या," डॉक्टर म्हणाले.

"मेंदूसाठी. पुस्तकात तसं दिलंय."

"मेंदूचं मला एवढंच कळतं की तो बंद कसा करायचा. पण हे काय चाललंय?"

"तुमची शिडी परत करतोय. फार उशीर झाला. लाज वाटत होती, म्हणून तुमच्यासमोर येत नव्हतो."

डॉक्टरांनी अडकलेला पाय एकदा ओढून बघितला. "पाय अडकला नसता तर मी आत्ता घरात पळालो असतो," ते म्हणाले. "शिडी तुमची आहे."

"माझी?"

"वहिनींनी दिली होती मला, पंखा पुसायला. मी देईन देईन करत ठेवली. मग एक दिवस तुम्ही दारात आलात आणि म्हणालात, जरा तुमची शिडी मिळेल का. मला बोलवेना. वर तुम्ही आभार मानलेत, तेही घेतले मी. तेव्हापासून जिन्यात तुमची चाहूल लागली की मी थांबायचो दाराआड."

मुद्रितशोधक उंबऱ्यावर बसले. घरात शिडी आहे की नाही, हे त्यांनी कधी बघितलंच नव्हतं. डॉक्टरांकडून शिडी घेऊन या, म्हणजे आपली परत घेऊन या, असं पत्नीला म्हणायचं होतं. ते शिडी घेऊन आले, डॉक्टरांची म्हणून किती जपून आणली ते तिला सांगितलं, तेव्हा ती पदराने तोंड पुसत आत गेली होती. हसत असणार. सांगू कधीतरी सावकाश, असंही मनात म्हणाली असणार. आता विचारायचं कुणाला?

"चहा ठेवतो," मुद्रितशोधक उठत म्हणाले.

"आधी पाय काढा."

पाय निघायला साबण लागला. मग डॉक्टर लंगडत आत आले आणि दोघांनी गुडघ्यांवर बसून पानं गोळा केली. पूर्वी पत्नी मूळ प्रत मोठ्याने वाचायची आणि हे प्रुफांवर पेन्सिल फिरवायचे. ती गेल्यापासून दोन्हीकडे एकट्यानेच बघावं लागे, म्हणून कामं रेंगाळत. हे त्यांनी सहज सांगितलं. डॉक्टरांनी चष्मा लावला आणि तिसऱ्या प्रकरणाची मूळ प्रत पुढ्यात ओढली.

वाचन फार स्वच्छ होतं. पण तो आवाज ऑपरेशनच्या टेबलावर घाबरलेल्या माणसांशी बोलून कमावलेला होता. दुसरं पान उलटायच्या आत मुद्रितशोधकांची मान छातीवर आली, पेन्सिल घरंगळली. कितीतरी दिवसांत ते दुपारचे असे झोपले नव्हते.

फोन वाजला. त्यांची झोप मोडू नये म्हणून डॉक्टरांनी चटकन उचलला.

"प्रुफं कधी देताय?" छापखान्याचे मालक म्हणाले.

"झोपलेत ते," डॉक्टर हळू आवाजात म्हणाले. "तिसरं प्रकरण चालू आहे."

"आपण कोण?"

डॉक्टरांनी समोर बघितलं. मग उघड्या दाराकडे, आडव्या शिडीपलीकडच्या आपल्या घराकडे बघितलं.

"मी इथे वाचायला असतो," ते म्हणाले.